९१ मूळ का नाही, आणि भागून बघायचं कुठपर्यंत?

सहावीतल्या तुमच्या मुलीने ९१ मूळ संख्या (१ आणि ती स्वतः सोडून कशानेच पूर्ण भाग न जाणारी) ठरवली, कारण ‘ती कुठल्याच पाढ्यात येत नाही’. येते की! तेरा साती एक्क्याण्णव. पाढे दहापर्यंतच म्हणून घेतले, की त्याचा हा प्रसाद. पण म्हणून तिला तीसपर्यंत घोकायला बसवू नका. कुठपर्यंत भागून बघायचं, हा तुमचा दुसरा प्रश्न सुटला की पहिलाही सुटतो.

विभाजक, म्हणजे ज्यांनी पूर्ण भाग जातो त्या संख्या, जोडीने येतात. वहीत ४८ च्या जोड्या मांडायला लावा: १ × ४८, २ × २४, ३ × १६, ४ × १२, ६ × ८. डावीकडचा आकडा वाढतो तसा उजवीकडचा घटतो. ७ ने भाग जात नाही, आणि ८ उजवीकडे आधीच येऊन बसलाय. थांबा. दहा विभाजक, एकही सुटला नाही. मग ३६ द्या. तिथे शेवटी ६ × ६ येतं, म्हणून विभाजक नऊच. असं विषम भरणं फक्त वर्गसंख्यांचं. पण हे तिचं तिला सापडू द्या.

आता ९७. तिचे अवयव पडलेच, तर जोडीतला लहान १० च्या आतच हवा, कारण १० × १० मध्येच १०० होतात. म्हणून २, ३, ५, ७ एवढेच तपासायचे. ४ किंवा ६ ने बघायला नको; २ ने जात नाही तर त्यांनी कुठून जाणार? चौघांनीही भाग जात नाही, म्हणजे ९७ मूळ.

२, ३, ५ च्या कसोट्या तोंडी होतात. ५१, ५७, ८७ दिसायला मूळ वाटतात, पण अंकांची बेरीज केली की ३ ने लगेच पकडल्या जातात. या तिन्ही कसोट्यांतून निसटणाऱ्या संयुक्त (म्हणजे अवयव पडणाऱ्या) संख्या शंभराच्या आत तीनच: ४९, ७७, ९१. पहिल्या दोन चटकन ओळखू येतात. उरली ९१, आणि पेपर काढणाऱ्यांची ती लाडकी!

१ मूळ का नाही? १२ चे मूळ अवयव २ × २ × ३, क्रम सोडला तर दुसरी मांडणी नाही. १ ला मूळ मानलं की पुढे हवे तितके १ जोडत बसा. अमेरिकन गणितज्ञ लेमर यांच्या मूळ संख्यांच्या १९१४ च्या यादीत मात्र १ होता.

आता तिला १४३ आणि १४९ द्या. १३ × १३ = १६९, म्हणून ११ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघितलं की झालं.