चाकूचा हात मागे जातो का?

प्रश्न : मी छत्तीस वर्षांची आहे. चार वर्षं कराटे केलं, आता चाकूचं प्रशिक्षण घ्यायचं मनात आहे. दोन वर्ग बघून आले. पहिल्या ठिकाणचे सर विलक्षण चपळ आहेत. समोरच्याच्या हातातला चाकू कधी त्यांच्या हातात येतो ते कळतही नाही. भिंतीवर प्रमाणपत्रांची रांग आहे. दुसऱ्या ठिकाणी शिकवणारे साठीकडे झुकलेले, बोलणं कमी, आणि वर्गात सगळेच सारखे वार खात होते. मला पहिला वर्ग आवडला, पण खात्री वाटत नाही. शिकवणारा निवडताना नेमकं काय बघायचं?

उत्तर : खात्री वाटत नाही हे बरं झालं. मला वाटली होती, आणि त्यापायी माझी सहा वर्षं गेली.

माझे पहिले सर तुमच्या त्या चपळ सरांसारखेच. आम्ही एक लांबलचक वार करायचा आणि हात तसाच पुढे ताणून उभं राहायचं. त्या थांबलेल्या हातावर सर मनगट पिरगाळत, कोपर दाबत, चाकू काढून घेत. सहाव्या वर्षी माझ्या मावसभावाने, ज्याने कधी आखाड्यात पाऊल टाकलं नव्हतं, एक जाड लाल मार्कर उचलला आणि म्हणाला, “दाखव बघू.” त्याने डाव्या हाताने माझी कॉलर धरली आणि उजव्या हाताने शिवणयंत्राच्या सुईसारखा मार्कर आत-बाहेर चालवला. मी त्याच्या मनगटाला हात घालेपर्यंत ते मनगट तिथून गेलेलं असायचं. शर्टावर सतरा ठिपके मोजले. दोन गळ्यावर होते, ते काही लवकर निघेनात. आठवडाभर कॉलरचं वरचं बटण लावून कामावर जात होतो.

म्हणून सांगतो, वर्ग बघायला जाल तेव्हा सरांकडे बघूच नका. त्यांच्यासमोर चाकू धरून उभ्या असलेल्या शिष्याकडे बघा. वार केल्यावर त्याचा हात मागे जातो का? लगेच दुसरा वार येतो का? त्याचा रिकामा हात नुसता लोंबतोय, की धरतोय, ढकलतोय? हात हवेत टांगून शिष्य पुतळा झाला असेल, तर सरांच्या चपळाईवरून काहीच कळत नाही.

ठरवून केलेला सराव वाईट असतो, असं मात्र मी म्हणणार नाही. काली, आर्निस, एस्क्रिमा ही चाकू-काठीच्या फिलिपिनो युद्धविद्येचीच वेगवेगळी नावं. तिथे वारांच्या दिशांना आकडे असतात, आणि ‘हुबुद’ नावाच्या सरावात दोघांचे हात रहाटासारखे ठरलेल्या क्रमाने फिरत राहतात. जुदोमध्येही कोडोकान या जुदोच्या मूळ संस्थेने 1956 साली बसवलेला गोशिन-जुत्सु हा काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायचा सराव, आहे. त्याच्या 21 तंत्रांपैकी तीन चाकूविरुद्धची, आणि कोण कुठून येणार हे सगळं आधी ठरलेलं. पण त्याला काता म्हणतात, लढत म्हणत नाहीत. गोंधळ होतो तो शिकवणारा कात्यालाच लढत समजू लागला की. तेव्हा सरळ विचारा, “सर, याच्यापुढे काय? आणि हे फसलं तर?” चांगला माणूस हसतो आणि फसल्यावर काय होतं ते करून दाखवतो. माझ्या आत्ताच्या सरांना मी पहिल्याच महिन्यात सगळ्यांसमोर तीनदा टोचलं. त्यांनी तिन्ही वेळा मोठ्याने आकडा मोजला आणि म्हणाले, “पुन्हा.”

साधनं बघा. रबरी, लाकडी आणि बोथट ॲल्युमिनियमचे चाकू वापरतात. रबरी चाकूचं टोकही डोळ्यात जाऊ शकतं, त्यामुळे मोकळ्या सरावात डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. ॲल्युमिनियमने बोटं चांगलीच सुजतात, म्हणून तो सावकाशीच्या सरावात. नवख्यांसमोर धारेचं पातं काढणाऱ्याकडे दुसऱ्या दिवशी जाऊ नका. “भीती मोडायला” म्हणून असं पातं एकाने माझ्या हातात दिलं होतं. डाव्या अंगठ्याच्या बेचक्यातली खूण अजून आहे, भीतीही आहे.

प्रमाणपत्रांचं काय? कोणाकडे शिकलात, किती वर्षं, आणि अजून शिकता का, एवढं विचारा. फिलिपिन्समध्ये शिक्षकाला ‘गुरो’ म्हणतात. दोन दिवसांचं शिबिर करून ते बिरुद मिरवणारेही मी पाहिलेत.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे पहिल्या दिवशी तो कशाबद्दल बोलतो. 1983 साली अमेरिकी पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी लिहिलं होतं की चाकूवाला 21 फुटांचं अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. कमरेचं पिस्तूल काढून गोळी झाडायला सरावलेल्या पोलिसालाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. तुमच्याकडे तर पिस्तूलही नाही. त्यामुळे अंतर, आडोसा, दार आणि पळणं हे आधी. झालीच जखम तर रक्त कसं थांबवायचं, ते त्यानंतर. चाकू हिसकावून घेणं सगळ्यात शेवटी. तुमच्या पहिल्या सरांनी सुरुवातच तिथून केलेली दिसते.

मी असतो तर दुसऱ्या वर्गात गेलो असतो. सगळे वार खातात याचा अर्थ तिथे हात मागे जातो. तरी दोन गोष्टी तपासा. कोणी “थांब” म्हटल्यावर जोडीदार खरोखर थांबतो का, विशेषतः समोर नवीन बाई असेल तेव्हा. आणि तुम्हाला हे का शिकायचंय, हे त्या सरांनी विचारलं का? नसेल विचारलं, तर आपणहून सांगा आणि त्यांचा चेहरा बघा.

प्रश्न : आसपास वर्गच नाही. व्हिडिओ बघून शिकता येईल का?

उत्तर : पावलं आणि वारांच्या दिशा येतील. आरशासमोर रोज पंधरा मिनिटं केल्या तर पुढे वर्गात वेळ वाचेल. चाकू काढून घेण्याचे व्हिडिओ सोडून द्या. जोडीदार हवाच असेल तर हट्टी माणूस शोधा आणि त्याच्या हातात मार्कर द्या. शर्ट जुना घाला.