प्रतिजन, खूण आणि खूणगाठ

नागपुरातल्या मानेवाड्याच्या एका ताईंनी विचारलंय: फुप्फुसाच्या कॅन्सरवर रुग्णांच्या घरच्यांसाठी पत्रक लिहितेय. ‘ट्यूमर अँटिजेन’ला ‘अर्बुद प्रतिजन’ आणि ‘बायोमार्कर’ला (म्हणजे आजाराची चाहूल देणाऱ्या, मोजता येणाऱ्या पदार्थाला) ‘जैवचिन्हक’ लिहिलं, तर गोंदिया-गडचिरोलीहून आलेल्या माणसाला कळेल का? की बायोमार्करला सरळ ‘खूणगाठ’ म्हणू?

ताई, ‘अर्बुद’ सोडा. शब्द सुश्रुताच्या काळापासूनचा आहे, पण आज घरात कुणाच्या तोंडी नाही. गाठच लिहा.

‘प्रतिजन’ची अडचण वेगळी आहे. प्रतिदिन, प्रतिवर्ष या शब्दांना सरावलेला वाचक तो ‘प्रतिमाणशी’ असा वाचतो. खरं तर यातला ‘जन’ म्हणजे लोक नव्हेत, तो ‘जनक’मधला. १८९९ साली लास्लो डेट्रे या हंगेरियन डॉक्टरांनी मूळ ‘अँटिजेन’ शब्द घडवला, तो अँटीबॉडीला (परक्या पदार्थाविरुद्ध शरीर बनवतं त्या प्रथिनाला) जन्म देणारा पदार्थ या अर्थानं. म्हणजे ‘अँटी’ इथे अँटीबॉडीतून आलाय, शत्रुत्वातून नाही. कोविडच्या काळात ‘अँटिजेन टेस्ट’ गावोगावी पोचली. तेव्हा ‘अँटिजेन’ तसाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्थ सांगा.

सीईएचं, म्हणजे ‘कार्सिनोएम्ब्रिऑनिक अँटिजेन’चं उदाहरण द्या. १९६५ मध्ये माँट्रियलच्या गोल्ड आणि फ्रीडमन यांनी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा अर्क सशांना टोचला, सशांच्या रक्तात अँटीबॉडी तयार झाल्या आणि त्यांच्या मदतीनं हा पदार्थ सापडला. तो पोटातल्या गर्भाच्या आतड्यातही असतो, म्हणून नावात कॅन्सर आणि गर्भ दोन्ही आले. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्येही तो अनेकदा वाढतो. पण विडी-सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये कॅन्सर नसतानाही वाढलेला दिसतो, आणि कॅन्सर असूनही कधी वाढत नाही.

म्हणूनच बायोमार्करसाठी मला ‘खूण’ हा शब्द फार आवडतो. खुणेवरून माग काढता येतो, निकाल देता येत नाही. ‘जैवचिन्हक’ अभ्यासक्रमाच्या पुस्तकात ठीक आहे. पत्रकात ‘रक्तातली खूण’ लिहा. ‘खूणगाठ’ मात्र नको. गाठ आणि खूण एकाच शब्दात आल्यामुळे मोह होतो, मलाही झाला. पण मनाशी खूणगाठ बांधणं म्हणजे पक्कं ठरवून टाकणं, आणि इथे नेमकं तेच करायचं नाही.

हे मी जवळून पाहिलंय. आमच्या काकाजींच्या रिपोर्टवर सीईए ६.८ आला, शेजारी मर्यादा ५ छापलेली. धंतोलीतल्या लॅबच्या पायरीवरच काकू खाली बसल्या. “म्हणजे पक्कंच ना जी?” एवढंच विचारत राहिल्या. काकाजी चाळीस वर्षं विडी ओढत होते. पुढे सीटी स्कॅन आणि बाकीच्या तपासण्या झाल्या, कॅन्सर निघाला नाही. मधले अकरा दिवस त्या घरात चूल नावालाच पेटत होती. रिपोर्टखाली मराठीत दोन ओळी असत्या तर ते दिवस इतके जड गेले नसते.

त्या ओळी तुमच्या पत्रकात अशा लिहा: “गाठीमुळे काही पदार्थ रक्तात वाढू शकतात. त्यांना ट्यूमर अँटिजेन म्हणतात. ही वाढ कॅन्सरची खूण असू शकते, पुरावा नव्हे. कॅन्सर आहे की नाही, हे गाठीचा तुकडा तपासून ठरतं. उपचार सुरू झाल्यावर रक्तातल्या या पदार्थांचा आकडा पुन्हा पुन्हा पाहून गुण येतोय का, याचा अंदाज डॉक्टर घेतात.”