पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले तर…

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे आहेत. वर्षभरापूर्वी चाल मंदावली. आता लघवी लागली की बाथरूमपर्यंत धीर धरवत नाही, आणि विसरभोळेपणाही वाढलाय. पार्किन्सन्सच्या गोळ्यांचा उपयोग झाला नाही. सीटी स्कॅनवर ‘मेंदूत पाणी वाढले आहे’ असं म्हणतात. हे वयामुळेच का?

उत्तर : कृपया वयावर ढकलू नका. आधी चाल बिघडली, मग लघवी आणि स्मरण, हा क्रम ‘नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस’कडे, म्हणजे मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साचण्याच्या आजाराकडे बोट दाखवतो. अल्झायमरमध्ये सहसा स्मरण आधी जातं. वडिलांना वळताना नीट पाहा. पाय फाकलेले, तळवे घासत, जागच्या जागी पाच-सहा छोटी पावलं टाकून वळत असतील, पण हात बऱ्यापैकी हलत असतील, तर संशय बळावतो.

न्यूरॉलॉजिस्टकडून एमआरआय करून घ्या. म्हातारपणी मेंदू आक्रसला तरी त्यातल्या पोकळ्या मोठ्या दिसतात, आणि फसगत होते ती इथेच. या आजारात पोकळ्या फुगतात, पण माथ्याकडच्या मेंदूच्या घड्या मात्र दाटीवाटीने चिकटलेल्या दिसतात.

पुढची पायरी टॅप टेस्ट. मेंदूतलं हेच पाणी पाठीच्या कण्यातही असतं; कमरेतून सुई घालून त्यातलं ३० ते ५० मिलि काढतात आणि चाल सुधारते का ते पाहतात. त्याआधी १० मीटर चालायला किती सेकंद आणि किती पावलं लागली ते मोजा, मोबाइलवर व्हिडिओ घ्या. काही तासांनी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच करा. ‘जरा बरं वाटतंय’ यावर निर्णय नको, आकडे हवेत. फरक दिसला नाही तरी आजार नाहीच असं ठरत नाही. मग कमरेत नळी ठेवून दोन-तीन दिवस पाणी काढून पाहता येतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, आपल्या मनाने बंद करू नका.

उपचार म्हणजे शंट : मेंदूतलं जादा पाणी कातडीखालच्या नळीतून पोटात सोडायचं. सर्वांत जास्त सुधारते ती चाल, स्मरण त्यामानाने कमी. म्हणून उशीर नको. पाणी गरजेपेक्षा जास्त वाहिलं तर मेंदूभोवती रक्त साचू शकतं. नवी डोकेदुखी, गुंगी किंवा एका बाजूला अशक्तपणा आला तर थेट इमर्जन्सीत जा. ताप आला किंवा जखम लाल झाली तर जंतुसंसर्ग तपासा. चाल पुन्हा बिघडली तर नळी तुंबली असेल. नळीतून किती पाणी वाहावं हे ठरवणारा, बाहेरून चुंबकाने जुळवता येणारा व्हॉल्व्ह बसवला असेल, तर त्याचं कार्ड जपून ठेवा. एमआरआयच्या चुंबकाने काही व्हॉल्व्हचं सेटिंग बदलतं, ते त्याच दिवशी तपासून घ्यावं लागतं.