दूरच्या सहकाऱ्याला उत्तेजनाचा शब्द : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : मी जुळे सोलापुरातून, घरूनच पुण्याच्या कंपनीचं काम करते. टीममध्ये सात जण आहेत. त्यांना उत्तेजन द्यावंसं मनापासून वाटतं, पण 'छान काम' आणि अंगठ्याचं चित्र यापलीकडे काही सुचत नाही.

उत्तर : शब्द सुचत नाहीत, कारण बहुतेक वेळा काम नीट पाहिलेलंच नसतं. ऑफिसात कोण दमलंय, कोण दुसऱ्याचं अडलेलं सोडवतंय, हे येता-जाता दिसतं. घरून फक्त संपलेलं काम दिसतं. त्यामागची खटपट मुद्दाम शोधावी लागते.

बायबलमध्ये प्रेषित पौलाने कैदेतून फिलिप्पै शहरातल्या मंडळीला एपफ्रदीत या सहकाऱ्याबद्दल काय लिहिलं ते पाहा (फिलिप्पैकरांस पत्र 2:25-30). 'भला माणूस आहे' एवढ्यावर तो थांबत नाही. माझा बंधू, सहकारी, सहसैनिक, असं नातं सांगतो. तो मरणाच्या दारापर्यंत आजारी होता आणि ख्रिस्ताच्या कामासाठी त्याने जीव धोक्यात घातला, हेही नेमकं लिहितो. शिवाय हे ज्यांनी त्याला पाठवलं, त्यांनाच कळवतो. तुमच्या भाषेत म्हणजे मॅनेजरला!

तुमचा मेसेज तीन वाक्यांचा पुरे : काय केलं, त्यामुळे कुणाचं काय सोपं झालं, आणि आभार. उदाहरणार्थ, "काल शीटमधल्या दुबार नोंदी काढताना कोणत्या काढल्या ते तुम्ही शेजारच्या रकान्यात लिहून ठेवलंत. त्यामुळे आज बिलं जुळवायला मला अर्धा तासही लागला नाही. मनापासून आभार." हा मेसेज त्याच दिवशी जावा, फार तर दुसऱ्या दिवशी. त्यालाच जोडून "अजून एक छोटं काम होतं" असं मात्र लिहू नका. मग आधीचं सगळं लोणी लावल्यासारखं वाटतं. कामाचं वेगळं आणि नंतर सांगा.

सोमवारी वहीत दोन नावं लिहा, त्यांच्यासाठी प्रार्थना करा, आणि आठवडाभर त्यांच्या कामाकडे लक्ष ठेवा. महिन्याभरात सातही जणांचा फेरा होतो.

प्रश्न : मी रोज सकाळी 6 वाजता टीमच्या ग्रुपवर बायबलच्या वचनाचं चित्र टाकतो. दोघांनी ग्रुप म्यूट केलाय. मी चुकतोय का?

उत्तर : हो. नीतिसूत्रे 27:14 उघडा : पहाटे उठून मित्राला मोठ्याने आशीर्वाद देणाऱ्याचा आशीर्वाद शाप गणला जातो. अमेरिकेच्या वेळेनुसार काम करणारा माणूस 6 वाजता नुकताच झोपलेला असतो. शिवाय हा ग्रुप कामाचा आहे, तिथे सगळ्या धर्मांची माणसं आहेत, आणि त्यातून बाहेर पडायची त्यांना सोय नाही. गाजावाजा न करता थांबा. नाताळच्या साध्या शुभेच्छा जरूर द्या, जसा संक्रांतीला त्यांचा तिळगूळ तुम्ही घेता. विश्वासाबद्दल कुणी आपणहून विचारलं, तर सौम्यतेने आणि आदराने सांगा (1 पेत्र 3:15). ख्रिस्ती सहकाऱ्याला वचन पाठवायचं असेल, तर एकच पाठवा आणि ते त्याच्यासाठीच का निवडलं ते एका ओळीत लिहा.

प्रश्न : सहकाऱ्याचे वडील वारले. सहकारी हिंदू आहेत, इथेच सोलापुरात अक्कलकोट रोडला राहतात. 'प्रार्थना करते' असं म्हणावं का? आणखी काय लिहावं?

उत्तर : आधी काय लिहू नये ते सांगते. 'देव करतो ते चांगल्यासाठी' हे नको. दुःखी माणसापुढे गाणी गाणं म्हणजे थंडीत अंगावरचं पांघरूण काढून घेणं, असं नीतिसूत्रे 25:20 सांगतं. 'काही लागलं तर सांगा' हेही नको. मग काय लागेल ते शोधायचं कामही त्यांच्याच डोक्यावर पडतं. त्याऐवजी, "गुरुवारचा रिपोर्ट मी करते. फाइल कुठे आहे तेवढं सांगा. बाकी उत्तर द्यायची घाई नाही," असं लिहा.

प्रार्थनेचं खासगीत एकदा विचारा : "तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?" हो म्हणाले तर खरोखरच करा, पण पानभर प्रार्थना टाइप करून पाठवू नका. उत्तर आलं नाही, तर दार लावून गुप्तपणे करा (मत्तय 6:6).

तेराव्यानंतर फोन आटतात. म्हणून तिसऱ्या आठवड्याची आठवण मोबाइलमध्ये आत्ताच लावून ठेवा. आणि एकाच शहरात आहात, तर भेटायला जा. कागद आणि शाईपेक्षा समोरासमोर बोलणं पत्र लिहिणाऱ्या योहानालाही हवं होतं (2 योहान 12).

प्रश्न : मी टीम लीड आहे. मीटिंगमध्ये एकाचं कौतुक केलं, तर बाकीचे गप्प होतात.

उत्तर : दर आठवड्याला एकालाच निवडत असाल, तर तसं होणारच. रोमकरांस पत्राच्या 16व्या अध्यायात पौल 20हून अधिक जणांची नावं घेतो, आणि मरीया नावाच्या बाईपुढे 'हिने तुमच्यासाठी फार श्रम केले' असं जोडतो. पत्र लिहून घेणाऱ्या लेखनिकालाही तिथे स्वतःचा सलाम लिहायला जागा मिळते (16:22). तुमच्याकडचा लेखनिक कोण? नोंदी ठेवणारी, टेस्टिंग करणारा. त्यांचं नाव सहसा कुणी घेत नाही.

एक सावधगिरी हवी. 'लाइट गेली तरी मोबाइलच्या नेटवर रात्री 2 पर्यंत काम केलं' याचं सर्वांसमोर कौतुक केलंत, की पुढच्या वेळी तेच सगळ्यांना करावं लागतं. त्यांचे आभार खासगीत माना, दुसऱ्या दिवशी उशिरा लॉगिन करू द्या, आणि काम रात्रीपर्यंत का लांबलं ते त्यांनाच विचारा.