कोण राहणार, कोण जाणार?

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या काल्पनिक राज्यांच्या सत्तासंघर्षावरच्या इंग्रजी मालिकेबद्दल आहेत. ही मालिका २०११ च्या एप्रिलमध्ये सुरू झाली आणि २०१९ च्या मे महिन्यात संपली. तरी लातूर-संभाजीनगरच्या होस्टेलांमध्ये ती आजही कुणीतरी पहिल्यांदा बघत असतं, आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला सगळं ताजंच असतं. म्हणून आधीच सांगते: पहिलं उत्तर पहिला सीझन पाहिलेल्यांनी खुशाल वाचावं. त्यापुढची उत्तरं पूर्ण मालिका पाहिलेल्यांसाठीच आहेत.

ताई, आम्ही चौघं रूममेट नीटची तयारी करतोत. रविवारची टेस्ट झाली की रात्री दोन भाग बघतोत. नेड स्टार्कची मान उडाली त्या दिवशी कुणाला डबा गोड लागला नाही. तवापासून आम्ही वहीत लिहून ठेवायलोत की कोण मरणार अन् कोण राहणार. पण एकाचाबी अंदाज बरोबर येईना. अंदाज लावायची काही रीत असती का?
— चार मित्र, लातूर

वही मुळीच बंद करू नका. फक्त ‘कोण मरणार’च्या शेजारी ‘कशापायी’ असा आणखी एक रकाना आखा.

नेड वाचेल असं तुम्हाला का वाटलं? तो नायक आहे, पोस्टरवर त्याचा चेहरा आहे आणि तो सज्जन आहे म्हणून. यातलं एकही कारण गोष्टीच्या आतलं नाही. आता पहिला भाग परत लावा. स्टार्क बापलेकांना रानात एक मेलेली लांडगी सापडते आणि तिच्या गळ्यात सांबराचं शिंग घुसलेलं असतं. लांडगा ही स्टार्क घराण्याची निशाणी, सांबर ही राजा रॉबर्टच्या घराण्याची. लांडगीची पिल्लं तेवढी जिवंत आहेत आणि ती नेडच्या मुलांच्या वाट्याला येतात. नवव्या भागात जे घडलं, ते पहिल्या भागात असं जमिनीवर पडलेलं होतं.

पण नुसत्या खुणेनं माणूस मरत नाही, त्याच्या स्वभावानं मरतो. राणी सर्सीची मुलं राजाची नाहीत हे गुपित कळल्यावर नेड आधी राजाकडे जात नाही, तिलाच जाऊन सांगतो, कारण तिच्या लेकरांचे मुडदे पडलेले त्याला बघायचे नाहीत. राजा मरणाला टेकलेला असताना त्याचा भाऊ रेन्ली रातोरात माणसं द्यायला तयार होतो, तर नेड म्हणतो की मरत्या माणसाच्या घरात मी तलवार उपसणार नाही. मग तो लिटलफिंगर नावाच्या दरबाऱ्यावर भरवसा टाकतो, आणि माझ्यावर भरवसा ठेवू नका असं त्या माणसानं स्वतः सांगितलेलं असतं. शेवटी पोरगी वाचावी म्हणून तो चारचौघांत खोटा गुन्हा कबूल करतो. सुटायची वाट दरवेळी समोर होती आणि दरवेळी त्यानं स्वभावाला धरून वागायचं ठरवलं. तुमच्यापैकी एकानं पत्रात त्याला ‘येडा’ म्हटलंय. तसं म्हणू नका. त्या जागी वेगळा वागला असता तर तो नेड राहिला नसता.

म्हणून रीत एवढीच: सुटायची संधी आल्यावर माणूस काय करतो ते टिपत चला. आणि तिसरा रकाना वचनांचा करा. कुणी कुणाला काय शब्द दिला, कशाच्या बदल्यात दिला, कुणाच्या घरी बसून दिला, सगळं लिहा. तिसऱ्या सीझनला पोचाल तेव्हा तो रकाना आधी वाचून घ्या. आणि टेस्टच्या आदल्या रात्री मात्र एकही भाग लावू नका!

माझी मुलगी बारावीला आहे. मालिकेतला कुणी होडोर नावाचा माणूस मेला म्हणून ती दोन दिवस नीट जेवली नाही. मी विचारलं तर म्हणते, तुला नाही कळायचं. हे वय असं, का मालिकेचं खूळ?
— एक आई, माजलगाव

खूळ नाही, ताई. होडोर हा तबेल्यातला एक धिप्पाड, भोळा माणूस. नेडच्या पाय गेलेल्या मुलाला, ब्रॅनला, तो पाठीवर घेऊन फिरतो आणि ‘होडोर’ या एका शब्दापलीकडे काही बोलत नाही. तो असा का बोलतो यावर चाहत्यांनी वर्षानुवर्षं तर्क लढवले. सहाव्या सीझनमध्ये कळतं की लहानपणीच त्याच्या कानावर त्याच्या मरणाच्या क्षणाची हाक, ‘होल्ड द डोर’ म्हणजे ‘दार धर’, पडली होती आणि त्या धक्क्यानं बाकीचे सगळे शब्द गेले. मागून प्रेतांची झुंड येते, हा दार दाबून धरतो, ब्रॅन निसटतो. कधी कुणाकडं काही न मागितलेल्या माणसासाठी तुमची मुलगी रडली. तिच्याजवळ बसा आणि म्हणा, मला तो भाग दाखव. मालिकेत मारहाण अन् उघडंवाघडं बरंच आहे, म्हणून हा एकच भाग बघा, पाचवा.

मी शाळेत इतिहास शिकवते. ड्रॅगनवाल्या राणी डेनेरिसचा शेवट पाहून मला आजही संताप येतो. आठ सीझन जिनं गुलामांच्या बेड्या तोडल्या, ती एका दुपारी अख्खं शहर जाळते आणि मग तिचा प्रियकर जॉन स्नोच तिला सुऱ्यानं मारतो. ही लेखकांनी केलेली फसवणूक नाही का? आमच्या मैत्रिणींमध्ये यावरून दोन तट पडलेत.
— एक शिक्षिका, अंबाजोगाई

दोन्ही तटांचं थोडं थोडं खरं आहे, पण मला कौल द्यायचाच तर तो असा: शेवट खरा होता, रस्ता मात्र तोडून टाकला.

तुम्ही इतिहासाच्या आहात, म्हणून पुराव्यानं बोलते. पहिल्या सीझनमध्ये भावाच्या डोक्यावर वितळलेलं सोनं ओततात तेव्हा तिचा चेहरा बघा, पापणी लवत नाही. दुसऱ्या सीझनच्या शेवटी दगा देणाऱ्या दोघांना ती रिकाम्या तिजोरीत जिवंत कोंडते. मीरीन या गुलामांच्या शहराच्या वाटेवर १६३ गुलाम मुलांना खांबांना ठोकलेलं दिसतं, तेव्हा शहर घेतल्यावर ती तेवढेच मालक मोजून ठोकते. त्यात एक असा निघतो की ज्यानं मुलांना मारायला विरोध केला होता. त्याचा मुलगा तिच्यापुढं येऊन बापाचं प्रेत मागतो, तो प्रसंग आठवतो? तिथं ती पहिल्यांदा गप्प होते. आपण मात्र त्या वेळी टाळ्या वाजवत होतो, कारण जळणारे लोक वाईट होते. सातव्या सीझनमध्ये तिच्यापुढं न झुकलेल्या टार्ली बापलेकांना ती जाळते, तिथं आपल्यालाही चटका बसायला लागतो. आणि दुसऱ्या सीझनमध्ये तिला भास होतो तो सिंहासनाच्या दालनाचा, छप्पर उडालेलं आणि वरून पांढरं काहीतरी पडतंय. तेव्हा सगळ्यांनी त्याला बर्फ म्हटलं. शेवटच्या भागात ती त्याच दालनात उभी राहते तेव्हा वरून राख पडत असते.

एवढं सगळं पेरलेलं होतं. मग तुम्हाला फसवल्यासारखं का वाटलं? पहिले सहा सीझन प्रत्येकी १० भागांचे होते, सातवा ७ भागांचा आणि आठवा अवघ्या ६ भागांचा. त्या सहांत तिचा ड्रॅगन मरतो, तिची सखी मिसांडे मरते, जॉनचं जन्मरहस्य बाहेर येतं, सगे पारखे होतात आणि शरणागतीच्या घंटा वाजत असताना ती शहरावर आग सोडते. नेडला मरायला नऊ भाग दिले होते, त्यातला एकेक निर्णय आपण त्याच्याबरोबर घेतला. डेनेरिसच्या मनात काय चाललंय ते बघायला आपल्याला तिच्याजवळ बसूच दिलं नाही. तुमचा संताप त्या न मिळालेल्या वेळेबद्दल असेल तर मी पूर्णपणे तुमच्या बाजूची आहे.

आठवा सीझन पुन्हा बनवा म्हणून १५ लाखांहून जास्त लोकांनी ऑनलाइन निवेदनावर सह्या केल्या होत्या. मी केली नाही. सांगणाऱ्यानं सांगितलेली गोष्ट नावडली तर आपण भांडावं, पण त्याच्या तोंडून ती काढून घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

जॉन स्नोच्या आईबापाचं रहस्य चाहत्यांनी आधीच ओळखलं होतं म्हणतात. खरं का? का नंतरच्या बाता?
— एक वाचक, सेलू

अगदी खरं. ही मालिका ज्यांवर बेतली त्या जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबऱ्यांपैकी पहिली १९९६ साली आली आणि पुढच्या काही वर्षांतच वाचकांनी मांडलं की जॉन हा नेडचा मुलगा नसून त्याची बहीण लियाना आणि राजपुत्र रेगार यांचा आहे. मालिकेनं ते दाखवलं २६ जून २०१६ ला.

त्यांनी ओळखलं कसं, ते मला फार आवडतं. तापात नेडला जुनं स्वप्न पडतं. डोंगरांत एक बुरूज आहे, आत लियाना मरणाला टेकली आहे आणि दारात राजाचे तीन खासे रक्षक उभे आहेत. वाचकांनी साधा प्रश्न विचारला: राजा मेलाय, राजपुत्र मेलाय, राजधानी पडलीय, मग राजघराण्याच्या रक्षणाची शपथ घेतलेले हे तिघं एका ओसाड बुरुजापाशी काय राखतायत? उत्तर एकच निघतं: आत राजवंशाचं कुणीतरी आहे. मालिकेतला नेडही कसा तोलून बोलतो बघा. जॉनचा निरोप घेताना तो म्हणतो, तुझ्याकडे माझं नाव नसेल, पण माझं रक्त आहे. ‘माझा मुलगा’ म्हणत नाही. बहिणीच्या लेकात आपलं रक्त असतंच की!

मालिका करणाऱ्या बेनिऑफ आणि वाइस यांनाही मार्टिन यांनी पहिल्या भेटीत जॉनची आई कोण हेच विचारलं होतं, आणि त्यांनी बरोबर सांगितलं.

‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या आधीच्या काळातली मालिका ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’, तिची तर अख्खी कथा पुस्तकात आधीच छापलेली आहे. कोण कधी मरणार ते सगळं ठाऊक. मग माझे मित्र तर्क कशाचे लढवतात? मला त्यात राम वाटत नाही.
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

आमच्या गावी श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लागायची, श्रीधरांचा ‘पांडवप्रताप’. एक जण ओव्या वाचायचा, दुसरा अर्थ सांगायचा. कर्णाचं चाक रुतणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी त्या रात्री देवळात जागा मिळायची नाही. अध्याय संपला की पारावर वाद पेटायचा: कुंतीनं पांडवांना आधीच सांगितलं असतं तर? कर्णानं तिला शब्द दिला तो चुकला का? अर्जुनाला बाण मारताना काही वाटलं असेल का? मरण ठाऊक असलं की माणसं ‘का’ विचारायला मोकळी होतात.

तुमच्या मालिकेत तर त्याला आणखी वाव आहे. ती ज्यावर बेतली ते ‘फायर अँड ब्लड’ हे २०१८ चं पुस्तक म्हणजे बखर आहे. बखरकार एका प्रसंगाच्या दोन-तीन हकिकती देतो, एक धर्मगुरूची, एक दरबारी विदूषकाची, आणि खरी कोणती ते वाचकावर सोडतो. राजपुत्र लुसेरिसचा मृत्यू घ्या. पुस्तकात विरोधी गटातला राजपुत्र एमंड त्याच्या मागावरच निघतो. मालिकेत लुसेरिसचा लहानगा ड्रॅगन न ऐकता आग सोडतो, मग एमंडची महाकाय व्हेगारही लगाम जुमानत नाही, तो ओरडत राहतो आणि एका घासात सगळं संपतं. पोरगा दोन्हीकडे मरतो. पण एका हकिकतीत एमंड खुनी आहे, दुसरीत धाक दाखवायला गेलेला आणि हातचं जनावर सुटलेला मुलगा. परत आल्यावर तो घरी खरं सांगेल, की खुनाचा मान मिरवेल? तुमचे मित्र यावर तर्क लढवतायत. तुम्ही एकदा त्यांच्यात बसाच.

मालिकेत जॉन मेला अन् जिता झाला. पुस्तकात त्याचं काय? तुमचा स्वतःचा अंदाज सांगा, गोल गोल उत्तर नको.
— एक वाचक, उदगीर

पाचव्या कादंबरीच्या शेवटाकडे, २०११ पासून, जॉन बर्फात सुरे खाऊन पडलेला आहे. सहावी अजून आलेली नाही. मालिकेत तो १४ जून २०१५ ला मेला तेव्हा त्याचं काम करणाऱ्या किट हॅरिंग्टननं केस कापले नाहीत एवढ्यावरून लोकांनी तो परतणार हे ओळखलं. पुस्तकाला असा नट नाही, म्हणून पुरावा पानांतच शोधावा लागतो.

माझा अंदाज असा. तो परत येणार, पण मालिकेत आला तसा झोपेतून उठल्यासारखा नाही. त्याच कादंबरीची सुरुवात पाहा. व्हारामीर नावाचा एक माणूस मरतो आणि त्याचा जीव त्याच्या लांडग्यात जातो. तिथं किती काळ राहिलं की माणूसपण विरत जातं, तेही त्या प्रकरणात तपशिलानं सांगितलंय. हा व्हारामीर पुढं कथेत कुठं लागत नाही. मग अख्खं पहिलं प्रकरण त्याला कशाला दिलं? आणि जॉनच्या तोंडून निघालेला शेवटचा शब्द म्हणजे त्याच्या पांढऱ्या लांडग्याचं नाव, घोस्ट. जॉनचा जीव आत्ता त्या लांडग्यात आहे असं मी धरून चालते. देहात परतेल तेव्हा त्यातलं काहीतरी लांडग्याकडे राहून गेलेलं असेल आणि त्याची माणसं त्याला पहिल्यासारखी ओळखणार नाहीत. मेलिसांद्रे ही जादूगारीण त्याला उठवेल यावर फारसा वाद नाही. नेडच्या मुलींपैकी सॅन्साला तो परका वाटेल, आर्याला मात्र नाही, कारण पुस्तकात तीही स्वप्नात आपल्या लांडगीच्या डोळ्यांनी बघते. तुमचा अंदाज वेगळा असेल तर प्रकरण कोणतं ते लिहून पाठवा, पुढच्या महिन्यात छापू.