नोकरीआधी क्रेडिट रिपोर्ट मागितला, तर काय करावे?

प्रश्न : माझी मुलगी वाशीतील एका लहान कंपनीत लेखापाल आहे. ऐरोलीतील एका मोठ्या कंपनीत, परदेशी बँकेच्या ग्राहकांचे हिशेब सांभाळणाऱ्या विभागात, तिची नुकतीच निवड झाली. मात्र रुजू होण्यापूर्वी पार्श्वभूमी तपासणाऱ्या एका संस्थेने तिचा क्रेडिट रिपोर्ट काढण्यासाठी मोबाइलवर येणारा ओटीपी मागितला आहे. 2021 मध्ये माझ्या आजारपणात तिने रुग्णालयाचे बिल क्रेडिट कार्डावर भरले होते. पुढे हप्ते थकले आणि बँकेशी तडजोड करून तिने कमी रकमेत खाते मिटवले. कंपनीला हे पाहण्याचा अधिकार आहे का? यावरून नोकरी जाईल का?
— एक वडील, ऐरोली

उत्तर : आपल्या देशात कर्जाच्या परतफेडीची माहिती गोळा करून क्रेडिट रिपोर्ट तयार करणाऱ्या कंपन्यांचे कामकाज 2005 च्या पतमाहिती कंपन्या कायद्याखाली चालते. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्यांना रिझर्व्ह बँकेची मान्यता आहे. त्यांच्याकडील माहिती कोणाला मिळावी हे कायद्याने आणि त्याखालील नियमांनी ठरवून दिले आहे. बँका, वित्त कंपन्या, विमा कंपन्या असे काही घटक त्यात येतात; नोकरी देणारी सर्वसाधारण खासगी कंपनी येत नाही. म्हणूनच आपल्या मुलीकडे ओटीपी मागितला जात आहे. कंपनीला रिपोर्ट परस्पर काढता येत नाही, तो उमेदवाराच्या हातूनच घ्यावा लागतो.

त्यामुळे मुलीने ओटीपी देऊ नये. रिपोर्ट तिने स्वतः काढावा. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण रिपोर्ट विनामूल्य मिळतो आणि स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने स्कोअर, म्हणजे परतफेडीच्या इतिहासावरून दिलेले गुण, कमी होत नाही. त्यानंतर रिपोर्ट कशासाठी हवा आहे, तो कोण पाहणार आणि किती काळ ठेवणार, हे कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला ईमेलने विचारावे. समाधानकारक उत्तर आल्यास खाते क्रमांक, जुने पत्ते आणि पॅन झाकून प्रत द्यावी; कंपनीला त्या तपशिलांची खरोखर गरज असेल, तर ती तसे कळवील.

आता तडजोडीविषयी. अशा खात्यापुढे ‘सेटल्ड’ असा शेरा येतो आणि पूर्ण फेडलेल्या खात्यापुढे ‘क्लोज्ड’. तपासणारी व्यक्ती या दोन शब्दांतला फरक लगेच टिपते. तडजोडीत सोडून दिलेली रक्कम भरण्याची आज ऐपत असेल, तर बँकेशी बोलून ती भरावी, ‘नो ड्यूज’ म्हणजे काही देणे बाकी नसल्याचा दाखला घ्यावा आणि शेरा बदलून घ्यावा. रिपोर्टमध्ये चूक असेल, तर पतमाहिती कंपनीकडे तक्रार करता येते. ती 30 दिवसांत न सुटल्यास पुढील प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम 26 एप्रिल 2024 पासून लागू आहे. तरीही दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते.

नोकरी जाईल का, याची खात्री कोणालाच देता येणार नाही. अमेरिकेत 1970 च्या कायद्यानुसार नोकरीसाठी असा रिपोर्ट मागवण्यापूर्वी उमेदवाराची लेखी संमती घ्यावी लागते आणि त्यावरून नकार देण्याआधी रिपोर्टची प्रत त्याच्या हाती द्यावी लागते, म्हणजे रिपोर्टमध्ये चूक असल्यास ती दाखवून द्यायला त्याला वेळ मिळतो. आपल्याकडे नोकरीच्या तपासणीसाठी असा स्वतंत्र कायदा नाही आणि ही उणीव मला फार खटकते. ठाण्यातील एका सहकारी बँकेच्या वसुली विभागात मी बरीच वर्षे काम केले. हप्ते थकवणाऱ्यांत लबाड माणसेही होती, पण घरातले आजारपण, बंद पडलेला कारखाना आणि पतीच्या निधनानंतर एकटीवर आलेला संसार ही कारणे मी कितीतरी अधिक वेळा ऐकली. थकलेल्या हप्त्यावरून माणसाच्या हाताची स्वच्छता ठरवता येते, असे मला त्या सगळ्या वर्षांत कधी वाटले नाही. दुसऱ्यांचे पैसे हाताळणाऱ्या जागेसाठी कंपनीने चौकशी करावी, हे मला मान्य आहे. पण कारण न विचारता नकार देणे अन्यायाचे आहे. म्हणून मुलीने कंपनीने विचारण्याची वाट पाहू नये. रुग्णालयाचे बिल, तडजोडीचे पत्र आणि त्यानंतर वेळेवर भरलेल्या हप्त्यांची नोंद, या तिन्हींसह अर्ध्या पानाचा खुलासा तिने रिपोर्टसोबतच द्यावा. आणि सर्व तपासण्या पूर्ण झाल्याचे लेखी कळेपर्यंत वाशीच्या नोकरीचा राजीनामा देऊ नये.

प्रश्न : मी कळव्यात राहतो आणि सरकारी बँकांच्या परीक्षांची तयारी करतो. मित्राच्या दुचाकीच्या कर्जाला मी जामीन आहे व त्याने चार हप्ते थकवले आहेत. माझ्या निवडीला अडचण येईल का?
— एक उमेदवार, कळवा

उत्तर : येऊ शकते. जामीन राहिलेले कर्ज जामीनदाराच्या रिपोर्टमध्येही दिसते. बँक भरतीच्या जाहिरातींत क्रेडिट हिस्ट्रीविषयी कलम असते. त्याचा मजकूर बँकेनुसार आणि वर्षानुसार बदलतो, म्हणून गेल्या वर्षीच्या माहितीवर विसंबू नका. त्या कलमाला न्यायालये किती महत्त्व देतात, हे जून 2025 मधील मद्रास उच्च न्यायालयाच्या निकालावरून दिसते. स्टेट बँकेने एका सर्कल बेस्ड ऑफिसरची (ठरावीक विभागासाठी नेमल्या जाणाऱ्या अधिकाऱ्याची) नियुक्ती प्रतिकूल सिबिल अहवालावरून रद्द केली होती. आपण कर्जे फेडलेली आहेत, असे त्या उमेदवाराचे म्हणणे होते; तरीही परतफेडीत कसूर झाल्याची नोंद जाहिरातीतील अटीत बसते आणि ती अट माहीत असूनच अर्ज केला होता, असे म्हणत न्यायालयाने बँकेचा निर्णय कायम ठेवला.

मित्राला आजच गाठा. त्याच्याकडे पैसे नसतील, तर शक्य असल्यास थकलेले हप्ते तुम्ही भरा आणि पावत्या जपून ठेवा. प्रत्येक महिन्याच्या विलंबाची वेगळी नोंद होत असते. तुमच्या जागी मित्र दुसरा जामीनदार देण्यास तयार असेल, तर वित्त कंपनीला तसा लेखी अर्ज करावा. ती मान्य करीलच असे नाही, पण विचारायला हवे.

प्रश्न : मी कधीच कर्ज किंवा कार्ड घेतलेले नाही, त्यामुळे माझा स्कोअरच नाही. घणसोलीतील एका कंपनीने रिपोर्ट मागितला आहे. मुद्दाम एखादे कर्ज काढावे का?
— एक वाचक, घणसोली

उत्तर : अजिबात नको. स्कोअर 300 ते 900 या दरम्यान असतो. व्यवहारच नसतील, तर तिथे ‘एनएच’ म्हणजे इतिहास नाही असा शेरा येतो आणि त्याचा अर्थ थकबाकी असा होत नाही. तोच रिपोर्ट आहे तसा द्या. त्यात तुमच्या नावावर अनोळखी कर्ज तर दाखवलेले नाही ना, हे मात्र देण्यापूर्वी पाहून घ्या, कारण पॅनचा गैरवापर करून परस्पर काढलेली छोटी कर्जे बहुधा अशाच वेळी उघडकीस येतात.