पाण्याचं कुंड आग्नेयेला की उत्तरेला?

प्रश्न : घरापुढे लहानशी बाग आहे. फेंगशुईच्या एका पुस्तकात वाचून आग्नेय कोपऱ्यात पाण्याचं कुंड ठेवलं. आता दुसरं पुस्तक म्हणतं, पाणी उत्तरेलाच हवं. शिवाय फाटकापासून दारापर्यंतची आमची फरशीची वाट सरळ आहे, तीही म्हणे वाईट. कुंडातलं पाणी हिरवं झालंय ते वेगळंच. कुंड हलवू का? वाट उखडू का? आणि विंड चाइम कुठे टांगू?

उत्तर : पहार आधी खाली ठेवा.

दोन्ही पुस्तकं आपापल्या जागी बरोबर आहेत. चिनी पंचतत्त्वांत (लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी) उत्तर ही पाण्याची स्वतःची दिशा. आग्नेय लाकडाची, आणि पाण्यावर लाकूड पोसतं, म्हणून तिथेही पाणी चालतं. आग्नेयेला संपत्तीचा कोपरा म्हणतात, त्यामुळे सगळ्यांचा ओढा तिकडे. कुंडाने पैसा येतो असं मी कुणाला सांगत नाही. पण साचलेलं, शेवाळलेलं पाणी कुठल्याही दिशेला वाईट, यावर फेंगशुई आणि मी एकमतात आहोत.

तुमच्या कुंडावर सकाळपासून ऊन पडत असणार, म्हणून शेवाळ. निम्मं पाणी झाकेल इतकी कुमुदाची पानं तरंगू द्या किंवा कुंड झाडाच्या सावलीत सरकवा. छोटा पंप बसवलात तर धार घराच्या दिशेने वाहती ठेवा, रस्त्याकडे नको. पंप नसेल तर आठवड्याला पाणी बदला आणि कुंडाच्या आतल्या कडा घासा. काही डासांची अंडी पाण्याच्या रेषेशी चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत.

चौथ्या शतकात वारलेले चिनी विद्वान गुओ पू यांच्या नावावर एक जुना ग्रंथ आहे. त्यात म्हटलंय की ‘ची’, म्हणजे प्राणशक्ती, वाऱ्यावर विखुरते आणि पाण्यापाशी थांबते. (तो ग्रंथ बागांचा नाही, थडग्यांची जागा निवडण्याचा आहे, हे विक्रेते सांगत नाहीत.) सरळ वाटेवरचा आक्षेप त्याच विचारातून येतो : ची बाणासारखी थेट दारावर आदळते. त्यासाठी फरशी उखडायची गरज नाही. एका बाजूला फाटकाजवळ आणि दुसऱ्या बाजूला मध्यावर अशी बुटकी, पसरणारी झुडपं लावा. त्यांच्या फांद्या फरशीवर वीतभर झुकू द्या. वाट सरळच राहील, पण चालणारा जरा वळणं घेत येईल. दारापुढची जागा मात्र मोकळी हवी. काटेरी झाडं दारात असतील तर कुंपणाला न्या. येणाऱ्याचे कपडे अडकतात, हे कारणही मला पुरेसं वाटतं.

विंड चाइम धातूची असेल तर पश्चिमेला किंवा वायव्येला टांगा, ती धातूची बाजू. पूर्वेच्या झाडाला नको. धातू लाकूड कापतो असं हे शास्त्र मानतं. टांगण्यापूर्वी शेजाऱ्यांची झोपायची खोली कोणत्या बाजूला आहे तेही पाहून घ्या.